आर्ड्रोसनचा तंबू आणि अल्पाइनचा मनोरा

नभोवाणी ऐकणाऱ्यांचे पहिल्यापासून दोन वर्ग पडत आले आहेत. एका वर्गाला दूरचे ऐकावयाचे असते. खरखरीतून, विजांच्या कडकडाटातून, एकमेकांवर चढणाऱ्या चार केंद्रांच्या कोलाहलातून हजार-दोन हजार मैलांवरील एखाद्या अनोळखी शहराचे नाव क्षणभर कानी पडले, की रात्रभराच्या जागरणाचे त्याला सार्थक वाटते. दुसऱ्या वर्गाला जे ऐकावयाचे ते स्वच्छ हवे असते. सतारीची मींड मध्येच तुटता कामा नये, गायकाचा श्वासही ऐकू यावा; मग केंद्र गावातलेच असले तरी त्याची तक्रार नसते. पहिल्याचे दैवत लघुलहरी, दुसऱ्याचे एफ. एम. हे दोन पंथ इतके भिन्न दिसतात, की ते एकाच घरातून निघाले असतील असे कोणाच्या मनातही येऊ नये. वस्तुतः त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. आणि तो गुंता ज्या एका माणसाच्या आयुष्यात विशेष स्पष्टपणे दिसतो, तो अमेरिकन संशोधक एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा होय.

या कथेचा आरंभ एका कायद्यापासून करावा लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी संदेशविद्येचे वेड अमेरिकेतील तरुणांना लागले. माळ्यावर, गोठ्यात, परसात हजारो मुलांनी घरगुती यंत्रे उभारली आणि त्यांच्या टकटकाटामुळे नौदलाच्या व व्यापारी जहाजांच्या संदेशांत व्यत्यय येऊ लागला. 1912 साली टायटॅनिक बुडाली आणि बिनतारी यंत्रणेला शिस्त लावण्याची निकड सर्वांना पटली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने हौशी मंडळींना 200 मीटर व त्याहून आखूड लहरींवर हाकलून देण्यात आले. लहर जितकी लांब तितका तिचा पल्ला मोठा, असा तज्ज्ञांचा त्या काळी ठाम समज होता. सागरापलीकडे संदेश पाठविणारी सरकारी व व्यापारी केंद्रे हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरीत. आखूड लहरी म्हणजे गावकुसाबाहेरचे नापीक माळरान. ते पोरासोरांना देऊन टाकण्यात कोणाचेच काही जात नव्हते.

हे माळरान किती सुपीक आहे याचा पत्ता त्या पोरासोरांनाच लागला. 1921च्या फेब्रुवारीत अमेरिकन हौशी केंद्रांनी ठरलेल्या रात्री संदेश पाठवावेत व इंग्लंडातील हौशी श्रोत्यांनी ते टिपण्याचा यत्न करावा, असा प्रयोग झाला. तो साफ फसला. दोष प्रक्षेपकांचा की ग्राहकयंत्रांचा, असा वाद साहजिकच निघाला. अमेरिकन मंडळींनी त्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. पुढच्या खेपेस त्यांनी न्यू जर्सीतील पॉल गॉडली या निष्णात श्रोत्याला त्याच्या यंत्रांसह आगबोटीत बसवून सरळ स्कॉटलंडला धाडले. केवळ कान देऊन ऐकण्यासाठी एका माणसाची महासागरापार रवानगी व्हावी, ही गोष्ट त्या काळच्या उत्साहाची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

गॉडलीने स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रोसन या गावी समुद्राकाठच्या एका शेतात तंबू ठोकला. दिवस डिसेंबरचे, पाऊस, वारा आणि अंगात शिरणारा गारठा. जमिनीपासून सुमारे बारा फूट उंचीवर, खांबांवरून शेकडो फूट लांबीची तार त्याने अमेरिकेच्या रोखाने ताणली. हॅरल्ड बेव्हरेज याने शोधलेल्या पद्धतीचा हा एरियल होता. जे ऐकू येईल त्याची साक्ष काढता यावी म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक रात्रभर त्याच्याशेजारी दुसरे कर्णयंत्र लावून बसे. तंबूतील ग्राहकयंत्र सुपरहेटरोडाइन पद्धतीचे होते. येणाऱ्या लहरीची कंपनसंख्या आधी खाली आणून मग तिला सावकाश बलवान करण्याची ही युक्ती आर्मस्ट्राँगने पहिल्या महायुद्धात पॅरिसला लष्करी नोकरीत असताना 1918 साली काढली होती, आणि पुढे जगातील घरोघरच्या रेडिओंत तीच नांदली.

इकडे अमेरिकेत कनेटिकट राज्यातील ग्रिनिच येथे अमेरिकन रेडिओ क्लबच्या सहा सभासदांनी 1बीसीजी या नावाचे केंद्र खास या परीक्षेसाठी उभारले होते. बर्गार्ड, एमी, ग्रिनन, इन्मन, क्रॉन्काइट आणि सहावा आर्मस्ट्राँग. म्हणजे सागराच्या एका तीरावर त्याचे ग्राहकयंत्र आणि दुसऱ्या तीरावर तो स्वतः. डिसेंबरच्या 10 तारखेपासून ग्रिनिचची हाक गॉडलीला ऐकू येऊ लागली, आणि 11-12च्या रात्री त्या केंद्राने पाठविलेला अभिनंदनाचा संपूर्ण संदेश त्याने अक्षरशः उतरून घेतला. लहर होती अवघी 230 मीटरच्या आसपास. मार्कोनीने अटलांटिक ओलांडून पहिली खूण ऐकल्याचे जाहीर केले ते 1901च्या डिसेंबरच्या 12 तारखेचे. त्याला त्या रात्री बरोबर वीस वर्षे होत होती. मार्कोनीने त्यासाठी एक कारखानाच उभा केला होता, येथे सहा मित्र आणि एक झोपडीवजा खोली होती. परीक्षेच्या दिवसांत गॉडलीने दोन डझनांहून अधिक अमेरिकन केंद्रे टिपली. काही इंग्रज हौशी श्रोत्यांनीही आपापल्या घरी बसून अमेरिकेच्या हाका ऐकल्या, त्यामुळे यंत्रांच्या वादात इंग्लंडची लाजही थोडीफार राखली गेली.

त्यानंतर घटना भराभर घडत गेल्या. 1923च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथील लिआँ दलोआ आणि कनेटिकटमधील फ्रेड श्नेल यांनी सुमारे 100 मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांशी संभाषण केले. 1924च्या ऑक्टोबरच्या 18 तारखेला न्यूझीलंडमधील मेंढवाड्याच्या मळ्यावरून फ्रँक बेल याने लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी संधान बांधले. पृथ्वीगोलावर याहून अधिक दूर जाण्यास जागाच उरलेली नव्हती. आता मात्र मोठ्यांना जाग आली. लघुलहरींचे झोत एका दिशेने सोडून साम्राज्याचे देश जोडण्याची योजना मार्कोनी कंपनीने हाती घेतली आणि 1927 साली इंग्लंड-हिंदुस्थान बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहणकेंद्र दौंडला होते. दौंडच्या माळावर लंडनचे संदेश उतरू लागले याचे श्रेय इतिहासाला द्यावयाचे तर त्यातील मोठा वाटा त्या शाळकरी मुलाला व मेंढपाळाच्या मळ्यावरील त्या हौशी गृहस्थालाच द्यावा लागेल.

हे घडते कसे, याचा उलगडा त्याच सुमारास झाला. पृथ्वीभोवती उंच आकाशात विद्युत्भारित वायूचा थर असावा, असा तर्क केनेली व हेव्हिसाइड यांनी 1902 सालीच केला होता. इंग्लंडात अ‍ॅपलटनने 1924च्या डिसेंबरपासून केलेल्या प्रयोगांनी तो सिद्ध केला. सूर्याच्या किरणांनी घडणारा हा थर लघुलहरींना आरशाप्रमाणे खाली परतवितो. लहर जमिनीवर आदळते, पुन्हा वर जाते, पुन्हा परतते; अशा टप्प्याटप्प्याने ती सागर ओलांडते. मध्यमलहरींना दिवसा खालचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याही दूर जाऊ लागतात. म्हणूनच दूरश्रवणाचा छंद हा प्रायः रात्रीचा छंद होऊन बसला.

तारायंत्राच्या बोलीत दूर अंतराला डीएक्स असे म्हणत. त्यावरून या छंदाचे नावच डीएक्सिंग पडले. 1920 ते 1930 या दशकात अमेरिकेत त्याचे इतके वेड पसरले, की शिकागोच्या केंद्रांनी आठवड्यातील एक रात्र मौन पाळावे आणि गावकऱ्यांना परगावचे ऐकू द्यावे, अशी रीतच पडली होती. आपले दुकान बंद ठेवून शेजारच्या गावचा बाजार गिऱ्हाइकांना दाखविणारे व्यापारी त्यानंतर पाहावयास मिळालेले नाहीत. छंदाचे नियम साधे असत. ऐकलेल्या केंद्राला वेळ, लहर, कार्यक्रमाचा तपशील व स्पष्टतेची प्रत कळवावयाची आणि केंद्राने खातरजमा करून पोचपावतीचे सचित्र कार्ड पाठवावयाचे. या कार्डांना क्यूएसएल म्हणतात. आकाशवाणीनेही अशी कार्डे देशोदेशीच्या श्रोत्यांना पाठविलेली आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद निराळ्या कारणाने परिचयाचा होता. त्यांना अनोळखी शहराचे नव्हे, ओळखीच्या भाषेचे दूरश्रवण हवे होते. पुण्याला आकाशवाणी केंद्र 1953 साली झाले, इंदूरला 1955 साली, सांगलीला 1963 साली. तत्पूर्वी आणि नंतरही वडोदरा, इंदूर वा बेळगाव येथील श्रोता रात्री मुंबईचे केंद्र शोधीत काटा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवी, तेव्हा तो नकळत गॉडलीचेच काम करीत असे. आवाज लाटेसारखा वर येई आणि ओसरे. नाटकातील ऐन संवाद खरखरीत बुडे. तरीही ते ऐकले जाई. कारण आकाशातील तो थर प्रांतांच्या सीमा जाणत नव्हता.

ही खरखर घालविणे कोणालाच साधले नव्हते. नेहमीच्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त केली जाते. आकाशातील वीज, शेजारच्या घरातील मोटर, रस्त्यावरील ट्रामची ठिणगी हीदेखील लहरीच्या उंचीवरच आपला शिक्का उठवितात. ग्राहकयंत्राला गाणे कोणते आणि वीज कोणती हे कळावे कसे? अमेरिकेतील आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीचा सूत्रधार डेव्हिड सारनॉफ हा आर्मस्ट्राँगचा मित्र. ही खरखर दूर करणारे काही साधन कोणी शोधील काय, असे तो नेहमी म्हणे. आर्मस्ट्राँगने त्या प्रश्नाला आयुष्याची अनेक वर्षे दिली. लहरीची उंची कायम ठेवून आवाजाप्रमाणे तिची कंपनसंख्याच बदलावी, ही कल्पना नवी नव्हती. परंतु जॉन कार्सन या गणितज्ञाने 1922 साली तीत काही लाभ नसल्याचे समीकरणांनी दाखविले होते. कार्सनने लहरीला अरुंद पट्ट्यात हलविले होते. आर्मस्ट्राँगने तिला ऐसपैस रुंद पट्ट्यात मोकळे सोडले, आणि ग्राहकयंत्रात उंचीतील सर्व चढउतार छाटून टाकणारी योजना केली. विजेचा खडखडाट त्या छाटणीत गेला. गाणे मात्र शाबूत राहिले. 1933च्या डिसेंबरच्या 26 तारखेला त्याला या शोधाचे एकस्व मिळाले.

या वेळीही त्याच्या मदतीस धावले ते जुने हौशी मित्रच. 1934च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या 85व्या मजल्यावरील आर. सी. ए.च्या केंद्रातून त्याने पहिले मोठे प्रयोग केले. ग्राहकयंत्र सुमारे 65 मैलांवर लाँग आयलंडच्या टोकाकडे एका घरात ठेवले होते. ते घर जॉर्ज बर्गार्डचे, म्हणजे ग्रिनिचच्या त्या सहांपैकी एकाचे. 1935च्या नोव्हेंबरच्या 5 तारखेला न्यूयॉर्क येथे अभियंत्यांच्या सभेत त्याने आपला शोध जाहीरपणे मांडला, तेव्हा प्रक्षेपण झाले ते योंकर्समधील कारमन रनयन या दुसऱ्या हौशी मित्राच्या घरून. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज सभागृहात असा उमटला, की तो मैलोगणती दूर होत आहे यावर अभियंत्यांचाही विश्वास बसेना. दूरचे ऐकणाऱ्यांनीच स्वच्छ ऐकण्याचे साधन पाळण्यात घातले, हे या इतिहासातील मर्म लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्वच्छतेची किंमत मात्र अंतराने मोजावी लागत होती. रुंद पट्ट्यासाठी जागा हवी, ती केवळ अतिलघु लहरींत मोकळी होती. आणि या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात. आकाशाचा थर त्यांना सहसा परतवीत नाही, त्या भेदून निघून जातात. पृथ्वीच्या वक्रतेआड गेलेला श्रोता त्यांना मुकतो. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला 4.1ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये साधारण निघते. शंभर मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज सुमारे 41 किलोमीटर. श्रोत्याचा एरियल घराच्या माळवदावर नऊ मीटरवर असेल तर आणखी बारा. म्हणजे सगळे मिळून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचे राज्य. शक्ती वाढविल्याने ते थोडे पसरते, पण मुख्य भर उंचीवरच. म्हणूनच असे मनोरे डोंगरमाथे शोधतात. सिंहगडाच्या माथ्यावर दूरदर्शनचे मनोरे उभे राहिले ते याच कारणाने. उलट सह्याद्रीच्या कड्याला बिलगून वसलेल्या कोकणातील खेड्याला घाटावरचे केंद्र हवाई अंतराने जवळ असूनही ऐकू येऊ नये, हेही याच कारणाने. डोंगराची जशी उन्हात सावली पडते तशी लहरींतही पडते.

आर्मस्ट्राँगने हडसन नदीच्या काठच्या उंच कड्यावर, न्यू जर्सीतील अल्पाइन येथे, स्वतःच्या पैशाने 425 फूट उंचीचा मनोरा बांधला. एम्पायर स्टेटमधून त्याला यंत्रे हलविण्यास सांगण्यात आले होते, आर. सी. ए.ला ती जागा दूरचित्रवाणीसाठी हवी होती. अल्पाइनहून 1939च्या जुलैत 42.8 मेगाहर्ट्झवर नियमित कार्यक्रम सुरू झाले. 1941च्या 1 जानेवारीपासून 42 ते 50 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एफ. एम.ला व्यापारी परवाने मिळू लागले. केंद्रे उभी राहिली, लोकांनी संच विकत घेतले. इतक्यात अमेरिका महायुद्धात उतरली आणि सारे थबकले.

युद्ध संपता संपता, 1945च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफ. एम.ला त्याच्या जागेवरून उठवून 88 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात नेले. कारण कोणते दिले? दूरश्रवण! खालच्या पट्ट्यात सूर्यावरील डागांच्या भरतीच्या वर्षी आकाशाचे थर या लहरीही परतवतील, दूरची केंद्रे जवळच्यांवर आदळतील आणि स्वच्छतेचा हा सारा डोलारा कोसळेल, असे भाकीत आयोगासमोर केनेथ नॉर्टन या तज्ज्ञाने केले. आर्मस्ट्राँगने व इतर अनेक अभियंत्यांनी ते अमान्य केले. ज्या आकाशाने 1921 साली त्याची हाक स्कॉटलंडला पोहोचविली, तेच आकाश आता त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे करण्यात आले.

या निर्णयाला निव्वळ कारस्थान म्हणणारे लेखक पुष्कळ आहेत. तथापि न्यायाने बोलावयाचे तर भाकिताला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. 1938च्या नोव्हेंबरात लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून 45 मेगाहर्ट्झवर निघालेली दूरचित्रवाणीची चित्रे लाँग आयलंडवर उमटली होती आणि त्यांचे चित्रीकरणही झाले होते. त्या पट्ट्यात आकाश कधी कधी आरसा बनते हे खरेच. परंतु असे क्षण वर्षातून किती आणि त्यांच्यापायी होणारा उपद्रव किती, हा प्रश्न होता. शिवाय जो पट्टा गाण्यास अयोग्य ठरला, त्यातील 44 ते 50 मेगाहर्ट्झचा भाग लवकरच दूरचित्रवाणीला देण्यात आला. चित्राला उपद्रवाची अधिकच बाधा होते. एकाच जागेत सर्पभय आहे म्हणून एकाला उठवावे आणि तेथेच दुसऱ्याचे अंथरूण घालावे, असा हा प्रकार झाला. तो भागही 1948 साली काढून घेण्यात आला.

परिणाम व्हावयाचा तो झाला. लोकांच्या घरचे युद्धपूर्व एफ. एम. संच, जुनी केंद्रे बंद पडत गेली तसतसे, मुके झाले. केंद्रांना नवी यंत्रे घ्यावी लागली, त्यांच्या शक्तीवरही मर्यादा आल्या. विस्तृत प्रदेशाला एका मनोऱ्यातून ऐकविण्याचे आर्मस्ट्राँगचे स्वप्न एकेका शहराच्या आवाक्यात कोंडले गेले. दरम्यान त्याच्या एकस्वाची मुदत वाळूसारखी हातून निसटत होती. ती 1950 साली संपली. 1948च्या जुलैत त्याने आर. सी. ए.वर, म्हणजे पर्यायाने आपल्या जुन्या मित्रावर, एकस्वभंगाचा दावा लावला. यापूर्वीही पुनर्भरण मंडलाच्या शोधावरून ली डी फॉरेस्टशी त्याचे वीस वर्षे भांडण चालले होते आणि 1934 साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला होता, जरी अभियंते त्याच्याच बाजूचे होते. त्या अनुभवावरून त्याने न्यायालयांपासून दूर राहावयास हवे होते असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या शोधाचे नाव दुसऱ्याकडे जाताना पाहणे ज्यांना जमत नाही अशांपैकी तो होता. वकिलांच्या प्रश्नोत्तरांत वर्षे गेली, पैसा गेला, प्रकृती ढासळली, आणि संसारातही कटुता आली. 1954च्या जानेवारीच्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्क येथे त्याने आपले जीवन संपविले. वय 63.

त्याची पत्नी मॅरियन ही लग्नापूर्वी सारनॉफची सचिव होती. लग्नाच्या वेळी आर्मस्ट्राँगने तिला स्वतः बांधलेला, हातात नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ भेट दिला होता. पतीच्या पश्चात तिने दावे सोडले नाहीत. आर. सी. ए.शी त्याच वर्षी सुमारे दहा लाख डॉलरांवर तडजोड झाली. बाकीच्यांशी ती लढत राहिली, आणि शेवटचा निकाल 1967 साली तिच्या बाजूने लागला. वादातील एकूण एक बाजू जिंकण्यास त्या घराला अशी 19 वर्षे लागली.

भारतात मुंबईचे पहिले मोठे ध्वनिक्षेपण केंद्र 1927च्या जुलैच्या 23 तारखेला सुरू झाले. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, 1977च्या 23 जुलैलाच मद्रास येथे देशातील पहिली एफ. एम. सेवा सुरू व्हावी, हा योगायोग मौजेचा आहे. 1993 साली मुंबई-दिल्लीच्या एफ. एम. वाहिनीवरील वेळ खाजगी कंपन्यांना मिळू लागला, 2001 साली बंगळूरला पहिले खाजगी केंद्र निघाले, आणि मग शहरोशहरी ही केंद्रे झाली. श्रोत्याचा लाभ उघड आहे. आर्मस्ट्राँगच्या सभागृहातील पाण्याच्या पेल्याइतका स्पष्ट आवाज आता कोणाच्याही खिशातील यंत्रात येतो. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मुंबई वा पुण्याचे एफ. एम. केंद्र मनोऱ्यावरून इंदूरला पोहोचत नाही, वडोदऱ्याला नाही, हैदराबादला नाही. मध्यमलहरीचा मोडकातोडका मराठी शब्द रात्री तेथवर जात असे. एफ. एम.च्या वर्तुळात जी भाषा बहुसंख्यांची, तीच तेथील केंद्र मुख्यत्वे बोलते. वर्तुळाबाहेरच्या मराठी माणसाला आता आपल्या भाषेसाठी तारेचा वा उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. तो आधार पुष्कळ चांगला आहे. मात्र त्यासाठी जोडणी लागते, वर्गणी लागते. आकाशाचा थर काही मागत नसे.

तरी एफ. एम.च्या लहरी नेहमीच शहाण्यासारख्या वागतात असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ दीड मीटर लहरीचे एक लष्करी रडार होते. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या, उष्ण महिन्यांत त्यावर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी स्पष्ट उमटत. समुद्रालगतच्या दमट हवेवर जमिनीकडील कोरडी, तापलेली हवा पसरली, की दोहोंमध्ये जणू एक नळ तयार होतो आणि लहर त्यातून पृथ्वीच्या वक्रतेबरोबर वळत जाते. मोसमी पाऊस आला की नळ मोडतो आणि रडारचा पल्ला एकदम आखडतो. पश्चिम किनाऱ्यावरील एफ. एम. श्रोत्यांनाही उन्हाळ्यात परक्या केंद्रांची जी चाहूल लागते ती याच वाटेने. दुसरी वाट उंचावरची. उन्हाळ्यात शंभर किलोमीटरांच्या सुमाराच्या उंचीवर आयनांचे दाट पण विरळच आढळणारे ढग जमतात आणि काही मिनिटांपुरती हजार-दोन हजार किलोमीटरांवरची केंद्रे एफ. एम.वर लख्ख ऐकू येतात. युरोपातील हौशी मंडळी त्यासाठी मे ते ऑगस्टपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसतात. 2003च्या जूनच्या 26 तारखेला उत्तर आयर्लंडमधील अशा एका श्रोत्याला अमेरिकेच्या मेन राज्यातील बँगर येथील 88.5 मेगाहर्ट्झचे केंद्र ऐकू आले. अंतर सुमारे चार हजार चारशे किलोमीटर. आर्ड्रोसनपासून ते ठिकाण समुद्राच्या एका खाडीपलीकडेच आहे.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. 2001च्या सप्टेंबरच्या 11 तारखेला न्यूयॉर्कच्या व्यापारकेंद्राच्या इमारती कोसळल्या आणि त्यांच्या माथ्यावरील दूरचित्रवाणीचे एरियल गेले, तेव्हा शहरातील काही वाहिन्यांनी तात्पुरता आसरा घेतला तो याच मनोऱ्याचा. 2005च्या जूनमध्ये, आर्मस्ट्राँगच्या जाहीर प्रयोगाला सत्तर वर्षे होत आली म्हणून, विशेष परवाना काढून त्यावरून पुन्हा एकदा जुन्याच 42.8 मेगाहर्ट्झवर कार्यक्रम सोडण्यात आला. बाजारातील कोणत्याही नव्या रेडिओवर तो लागणे शक्य नव्हते. 1945च्या निर्णयानंतर मुके झालेले जे काही संच संग्राहकांनी दुरुस्त करून ठेवले होते, ते त्या दिवशी बोलले.